मोजपट्टी वस्तीच्या हाती

मुंबईत रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, जुनी जहाजं तोडली जातात त्या दारूखान्याला लागून कौला बंदर नावाची वस्ती आहे. जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारची. त्यामुळे राज्याच्या दप्तरी ही ‘घोषित’ झोपडपट्टी नव्हती, आणि घोषित नाही म्हणून महापालिकेचा नळही नव्हता. पाणी मात्र रोज लागतंच. पंधराएक वर्षांपूर्वी ते यायचं असं : आगीच्या बंबांसाठी जमिनीखालून गेलेल्या वाहिनीला काही जण मोटर लावायचे, मोटरीला लांबलचक पाइप जोडायचे, आणि तो पाइप गल्लीबोळांतून घरोघरच्या पिंपापर्यंत न्यायचे. पाइपवाल्याला घरटी पैसे द्यायचे. मधूनच कारवाई व्हायची, मोटरी उचलून नेल्या जायच्या आणि वस्ती कोरडी पडायची. मग बायका-पोरं हंडे-कॅन घेऊन मिळेल तिकडे धावायची.

या पाण्याचा हिशेब मुंबईतल्या ‘पुकार’ या संस्थेने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरांनी मांडला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. महापालिकेचा तेव्हाचा दर हजार लिटरला सव्वादोन रुपये होता. कौला बंदरातले लोक त्याच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होते, म्हणजे हजार लिटरला एकशे सतरा रुपयांपासून थेट साडेचारशेच्या वर. झोपडपट्टीवाले फुकटचं पाणी पितात, असं आपल्याकडे किती सहज बोललं जातं! शहरातलं सगळ्यात महाग पाणी कोण पीत होतं, ते या एका आकड्याने दाखवून दिलं.

हा आकडा बाहेरच्या माणसाला मिळाला असता का? मोटर बेकायदा, जोडणी बेकायदा, पैसे घेणारा शेजारचाच. हातात फॉर्म आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून आलेल्या अनोळखी पाहुण्याला कोण खरं सांगणार? ‘पुकार’च्या कामात प्रश्न विचारत फिरणाऱ्यांमध्ये वस्तीतली तरुण मुलंमुली होती. कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, पाइप कुणाचा, उन्हाळ्यात भाव कसा चढतो हे त्यांना आधीच माहीत होतं. त्यांच्या घरातली पिंपंही त्याच पाइपवर भरत होती. डॉक्टरांकडे पाण्याचे नमुने तपासायची विद्या होती, या मुलांकडे वस्तीचा विश्वास होता. दोन्ही एकत्र आल्यावर जे ज्ञान तयार झालं, ते एकट्याने कुणालाही तयार करता आलं नसतं.

या पुस्तकाचा विषय तोच आहे. वेगाने वाढणाऱ्या शहरांत पाणी, संडास, कचरा, वीज, दवाखाना या रोजच्या गोष्टी सगळ्यांना सारख्या मिळाव्यात म्हणून वस्तीतल्या माणसांनी, अभ्यासकांनी आणि कधीकधी पालिकेतल्या अधिकाऱ्यांनीही मिळून केलेलं संशोधन. पुढची पानं वाचण्याआधी हा मार्ग कुठून आला, त्याने काय साधलं आणि तो कुठे अडखळतो, हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

आधी शहरांबद्दल. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यानंतरची जनगणना लांबत गेली. म्हणजे आजही पाण्याची योजना असो की दवाखान्याची, हिशेबाला धरलेला अधिकृत आकडा जुनाच. तोवर शहरं कुठच्या कुठे गेली. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. वाघोलीसारख्या ठिकाणी मोठमोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या, लोक राहायला आले, आणि पाण्याची वाहिनी पोचायच्या आत टँकर पोचले. सोसायटीतला माणूस टँकरची पावती जपून ठेवतो, सभेत हिशेब मागतो, वर्तमानपत्राला पत्र लिहितो, कोर्टात जातो. त्याच सोसायटीच्या भिंतीपलीकडे, बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत पाण्याचा कसलाही हिशेब कुठे नोंदला जात नाही. शहर वाढतं तेव्हा सेवा कमी पडतात, हे खरं आहेच. पण कमी पडलेल्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याची नोंद नाही त्याच्यावर तो सगळ्यात आधी येऊन पडतो.

महाराष्ट्राला ही जाणीव नवी नाही. महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, यावरून समाजाची परीक्षा घ्यायची रीत इथे शंभराहून अधिक वर्षांची आहे. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ची चळवळ चालवली तेव्हा ते आणि त्यांचे सहकारी गावोगावी फिरून विचारत होते : विहिरी किती, दलित वस्तीचा पाणवठा कुठला, तो वेगळा का? कायद्याने अस्पृश्यता संपली होती. पाणवठ्यावर उभं राहून विचारलं की ती जिवंत सापडायची. सत्य शोधणं आणि ते बदलणं ही दोन्ही कामं एकाच पायपिटीत करण्याचं हे उदाहरण पुढच्या अनेकांना वाट दाखवणारं ठरलं. आजच्या संशोधनाच्या परिभाषेत त्याला काहीही म्हणा, मूळ कल्पना तीच आहे.

शहरातली गोष्ट मात्र फुटपाथवरून सुरू होते. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईत फुटपाथवरची घरं पाडायचा निर्णय झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै १९८५ मध्ये ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं, आणि तरीही नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करायला पालिकेला मुभा दिली. भायखळा-नागपाड्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांसमोर प्रश्न उभा राहिला : आता काय? ‘स्पार्क’ ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली होती. तिच्या कार्यकर्त्यांनी आणि या बायकांनी मिळून फुटपाथवरच्या माणसांची मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबं, सत्तावीस हजारांच्या आसपास माणसं. १९८५ मध्ये निघालेल्या त्या अहवालाचं नावच होतं ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाचं.

त्या मोजणीतून काय दिसलं? ही माणसं आज आली आणि उद्या जाणार, अशी नव्हती. कित्येक जण दहा-दहा वर्षांहून अधिक काळ त्याच जागी राहत होते. कामाला जायला बसभाडंही परवडत नाही म्हणून कामाच्या जवळ, चालत जाता येईल अशा ठिकाणी राहत होते. देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांतून आलेली ही माणसं शहराला स्वस्त श्रम पुरवत होती. यातलं काही फुटपाथवरच्या बाईला नवं नव्हतं. नवं हे होतं की आता ते कागदावर, तिच्या साक्षीने, आकड्यांत मांडलेलं होतं. पुढच्याच वर्षी याच बायकांमधून ‘महिला मिलन’ उभं राहिलं. जॉकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आधीपासून, १९७४ पासून, होती. आणीबाणीत १९७६ साली उठवलेल्या जनता कॉलनीच्या लढ्यातून जॉकिन तयार झाले होते, आणि मोजणी हे वस्तीचं हत्यार आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या हत्याराची रीत आजही फारशी बदललेली नाही. आधी वस्तीतले लोक फिरून कच्चा नकाशा काढतात : नळ कुठे, संडास कुठे, गटार कुठून वाहतं, मंदिर-मशीद कुठे, भंगाराचं दुकान कुठे. मग घरांना नंबर. मग घरोघर फॉर्म. आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचं काम, जे विद्यापीठातले लोक अनेकदा विसरतात : जमलेली माहिती गल्लीतल्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायची. “सत्तावीस नंबरात पाच माणसं लिहिलीत, तिथे आठ आहेत.” “एकोणचाळीस नंबरला भाडेकरू राहतो, मालक विरारला.” भांडणं होतात, दुरुस्त्या होतात, आणि मग तो कागद वस्तीचा होतो. पालिकेचा अधिकारी पुढे उभा राहून म्हणाला की एवढी घरं नाहीतच, तर उत्तर द्यायला संस्थेचा माणूस लागत नाही. गल्लीच उत्तर देते.

याचं मोठं फळ रेल्वेच्या रुळांलगत दिसलं. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी रुळांच्या कडेची घरं हलवायची होती आणि त्यांची मोजणी, गट, याद्या हे काम फेडरेशनने आणि ‘स्पार्क’ने १९८८ पासून करून ठेवलेलं होतं. २००० च्या सुमारास जवळपास साठ हजार माणसं बुलडोझरशिवाय दुसरीकडे गेली. मुंबईसारख्या शहरात ही साधी गोष्ट नाही.

पण इथे थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण या विषयावर लिहिणारे बरेच जण इथेच टाळ्या वाजवून पुढे जातात. प्रकल्पग्रस्तांसाठी मानखुर्द-गोवंडीकडे ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुढे क्षयरोगाने ठाण मांडलं. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांबरोबर केलेली पाहणी २०१८ मध्ये पुढे आली. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. आणि खालच्या मजल्यांवरच आजारी अधिक. घर मिळालं, नाव यादीत आलं, किल्ली हातात आली. उजेड किती आणि हवा किती, हा प्रश्न ना घराच्या आराखड्यात होता, ना कुणाच्या फॉर्मवर. मोजणी हातात असूनही काय मोजायचं हे दुसऱ्यानेच ठरवलं की असं होतं. म्हणून मला वाटतं, वस्तीने फॉर्म भरण्यात सामील होणं पुरेसं नाही. फॉर्म लिहिण्यात तिला जागा हवी.

संडासाचंच पाहा. सरकारी पाहणीत प्रश्न असतो : शौचालयाची सोय आहे का? हो किंवा नाही. त्याला ‘हो’ असं उत्तर दिलं की कागदावर काम संपलं. वस्तीतल्या बायकांनी याच सोयीबद्दल प्रश्न लिहिले तर ते असे असतात : दाराला आतून कडी लागते का? दिवा आहे का? रात्री दहाला कुलूप लागतं का, आणि त्यानंतर पोट बिघडलं तर कुठे जायचं? सकाळी सहाला रांग किती? पाणी आत आहे की घरून डबा भरून न्यायचा? पाळीच्या दिवसांत काय करायचं? आणि लहान मुलं? रांगेत मोठी माणसं मुलांना मागे ढकलतात, मोठ्या भांड्यावर बसायची त्यांना भीती वाटते, म्हणून ती बाहेर गटाराच्या कडेला बसतात. हे बायका रोज बघत होत्या. म्हणूनच ‘महिला मिलन’ने आणि फेडरेशनने जे सामूहिक संडास आखले, त्यात मुलांसाठी वेगळी, छोटी, उघडी जागा होती, बायका-पुरुषांची दारं वेगळ्या बाजूंना होती आणि वर देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबासाठी खोली होती. एखाद्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकातून हे आलेलं नाही. सकाळच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहून आलेलं आहे.

पुण्यात या ज्ञानाला महापालिकेची साथ मिळाली. रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना १९९९ पासून पालिकेने सामूहिक संडास बांधण्याचं काम ठेकेदारांऐवजी संस्थांना द्यायला सुरुवात केली. दर आठवड्याला बैठक, अडचणींचा त्याच बैठकीत निकाल, आणि देखभालीसाठी कुटुंबाने महिन्याला वीस-तीस रुपयांचा पास. १९९९ ते २००१ या काळात चारशेहून अधिक संडास, दहा हजारांहून अधिक शौचकूप बांधले गेले. त्याआधीच्या तीस वर्षांत झालं नव्हतं एवढं काम या दोन-तीन वर्षांत झालं. सगळे संडास पुढे तितकेच नीट चालले असा दावा कुणीच करणार नाही. आयुक्त बदलले की गती बदलते, हे पुणेकरांना सांगायला नको. पण योग्य माणूस खुर्चीत असेल तर वस्तीचं ज्ञान शहराच्या तिजोरीपर्यंत पोचू शकतं, हे त्या वर्षांनी सिद्ध केलं.

पुण्याची दुसरी गोष्ट मला याहून जवळची वाटते. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना आणि बायकांना शिकवायला गेल्या. बायकांना अक्षरांपेक्षा निकडीचं बरंच काही होतं. पोलिस चोर म्हणून पकडतात, सोसायटीचा रखवालदार हाकलतो, कचराकुंडीत हात घालताना काच लागते, भंगारवाला वजनात मारतो. कार्यकर्त्यांनी आपला पाठ बाजूला ठेवला आणि त्यांच्याबरोबर फेरीला निघाल्या. सुका कचरा ओल्यातून वेगळा मिळाला तर कमाई वाढते आणि हातही घाण होत नाहीत, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या मार्गदर्शनाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पंचायतीने दिलेल्या ओळखपत्रांवर पुढे पुणे महापालिकेची मोहोर उमटली.

मग मोजणीचं काम आलं. पंचायतीशी जोडलेल्या अभ्यासकांनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी केलेला आणि २००१ मध्ये आलेला पुण्याच्या भंगार-व्यवसायाचा अभ्यास मराठी विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावा असा आहे. कचरावेचक बाई शहरावर ओझं आहे, असं मानणाऱ्यांना त्याने उलटा हिशेब दिला : एकेक कचरावेचक महिन्याला २४६ रुपयांचे श्रम शहराला फुकट देते, कारण तिने उचललेला कचरा पालिकेला वाहून न्यावा लागत नाही. २४६ रुपये! रक्कम लहान दिसते. हजारो बायका, बारा महिने, अशी ती मोजली की शहर कुणाच्या जिवावर स्वच्छ राहतं ते कळतं. या हिशेबाच्या बळावर पंचायतीने मागणी लावून धरली आणि २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांचा आरोग्यविमा उतरवला. २००८ मध्ये कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. करार संपत आला की त्यांना पुन्हा पुन्हा आपली किंमत सिद्ध करावी लागते, ही खंत आहे. सिद्ध करायला कागद त्यांच्याकडे आहेत, एवढं तरी त्या कामाने झालं.

आपल्या शेजारीही याची थोर परंपरा आहे. कराचीच्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये जे काम सुरू केलं, त्याचं एकक होतं गल्ली. वीस-तीस घरांच्या गल्लीने एकत्र यायचं, आपला माणूस निवडायचा, पैसे गोळा करायचे आणि घरातला संडास व गल्लीतली मलवाहिनी स्वतः बांधायची. मोठा नाला आणि शुद्धीकरण मात्र सरकारची जबाबदारी. लाखभर घरांनी अशी मलवाहिनी बांधली. परवीन रहमान यांनी तिथल्या तरुणांना हाताशी धरून वस्त्यांचे, नाल्यांचे नकाशे काढले, पाण्याची चोरी कुठे होते आणि टँकर कुठून भरतात तेही नोंदवलं. १३ मार्च २०१३ रोजी कराचीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. नकाशा काढणं हे निरुपद्रवी, टेबलावरचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी परवीन रहमान यांचं नाव विसरू नये.

नैरोबीतल्या मुकुरूचं उदाहरण अलीकडचं आहे. एक लाखाच्या घरातली कुटुंबं, जमीन खासगी मालकांच्या नावावर, पाणी-वीज मध्यस्थांकडून चढ्या दराने. तिथल्या ‘मुउंगानो वा वानाविजिजी’ या वस्त्यांच्या महासंघाने आणि विद्यापीठांनी आधी अभ्यास करून दाखवलं की मुकुरूतला गरीब माणूस पाण्याला शहरातल्या सुखवस्तू माणसापेक्षा जास्त पैसे देतो. हा अभ्यास हातात आल्यावर नैरोबीच्या शहर-सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मुकुरू हे विशेष नियोजन क्षेत्र जाहीर केलं. चाळीसहून अधिक संस्था पाणी, आरोग्य, शिक्षण, जमीन अशा गटांत कामाला लागल्या आणि दहा-दहा घरांचे गट करून प्रत्येक गटाचा आवाज आराखड्यापर्यंत नेण्याची व्यवस्था बसवली. एवढ्या मोठ्या वस्तीचं नियोजन तिथल्याच माणसांना बरोबर घेऊन करता येतं का, असं विचारणाऱ्या आपल्या नगररचनाकारांना मी मुकुरूकडे बोट दाखवेन.

आता थोडं कटू बोलतो. वस्तीत ‘सर्व्हे’ म्हटलं की आज पहिल्यांदा भीती वाटते. दारावर नंबर पडला की पुढचा शब्द असतो ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. २०२४ मध्ये धारावीत पुनर्विकासासाठी घरांना नंबर टाकायला सुरुवात झाली तेव्हा कित्येक ठिकाणी लोकांनी विरोध केला. तो अडाणीपणा नव्हता. आधीच्या कित्येक सर्वेक्षणांनी काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे सहभागी संशोधन करणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं : हा कागद कुणाकडे जाईल, कुणाकडे जाणार नाही, आणि तुम्हाला नको असेल तर तुमचं उत्तर खोडता येईल का. नकाशावर काय दाखवू नये हे ठरवण्याचा हक्कही वस्तीचा आहे. कौला बंदरातल्या मोटरीची नेमकी जागा छापण्याने कुणाचं भलं झालं असतं?

वस्ती म्हणजे एकजीव, एकमताची माणसं, हाही भाबडा समज आहे. फॉर्म भरायला गेलं की पुढे येतो तो खोलीमालक, मंडळाचा अध्यक्ष, नाहीतर स्थानिक पुढारी. पोटमाळ्यावरचा भाडेकरू, गेल्याच पावसाळ्यात आलेलं कुटुंब, नाल्याच्या अगदी कडेची घरं, भाषा वेगळी असलेली माणसं, दिवसभर धुणीभांडी करायला गेलेली बाई ही सगळी सुटतात. सगळ्यांत वाईट परिस्थिती बहुधा त्यांचीच असते. संध्याकाळी आठनंतर आणि रविवारी पुन्हा फिरल्याशिवाय झालेली पाहणी मी तरी पूर्ण मानणार नाही.

आणि पैशांचं. प्रकल्पाचा निधी विद्यापीठात येतो, लेख परदेशी नियतकालिकात इंग्रजीत छापून येतो, पदवी कुणालातरी मिळते. ज्या मुलीने उन्हातान्हात दोनशे घरं पालथी घातली तिला मिळतं प्रमाणपत्र आणि वडापाव. हे चालणार नाही. तिला मानधन मिळालं पाहिजे, लेखावर तिचं नाव आलं पाहिजे, आणि निष्कर्ष तिच्या आईला वाचता येईल अशा मराठीत किंवा हिंदीत वस्तीत परत गेले पाहिजेत. अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ मध्ये संशोधन करण्याचा अधिकार हा प्रत्येक माणसाचा अधिकार आहे, असं मांडलं. तो मान्य असेल तर त्याची मजुरीही मान्य करायला हवी.

कायदा काय म्हणतो, तेही एकदा सांगतो. मुंबईत ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही, असं धोरण वर्षानुवर्षं चाललं. पाणी हक्क समिती या अन्यायाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. अधिकृत घराइतकाच हक्क आणि तोच दर मिळेल असं मात्र न्यायालय म्हणालं नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे महापालिकेचं धोरण यायला २०२२ उजाडलं. निकाल आणि नळ यांच्यामध्ये अर्ज, हमीपत्रं, जमीनमालक प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला आणि वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या असतात. कोणत्या गल्लीतून किती अर्ज गेले, किती अडले, कोणत्या टेबलावर अडले, याची नोंद वस्तीनेच ठेवली तर ती नोंदही संशोधनच आहे, आणि माझ्या मते सध्या सगळ्यात गरजेचं संशोधन आहे.

या पुस्तकात पुढे ज्यांनी लिहिलं आहे त्यांतले काही जण पदवीधर आहेत, काही नाहीत. संपादकांनी सगळ्यांचं लेखन सारख्या मापाने तपासलं आहे, हे मला आवडलं. काही लेखांतले आकडे लहान आहेत. एका गल्लीचे, एका संडासाचे. ते लहान आहेत म्हणून ओलांडून जाऊ नका.

वाचकांपैकी जे विद्यार्थी असतील त्यांनी पुढच्या पाहणीला जाताना भरलेल्या फॉर्मची एक प्रत त्या घरात ठेवून यावी. जे अध्यापक असतील त्यांनी वस्तीतल्या संशोधकांचं मानधन निधीच्या पहिल्याच अर्जात लिहावं. आणि पालिकेतल्या अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे : आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक वस्तीला दिवसाला किती पाणी जातं आणि किती माणसांमागे एक शौचकूप आहे, हे दोनच आकडे मराठीत लिहून वॉर्ड ऑफिसच्या दारावर लावा, आणि ते चुकीचे आहेत असं सांगायला वस्तीतल्या बायका आल्या तर त्यांना खुर्ची द्या.